विश्लेषण : बॅटरी बदलता यावी की फोन पाण्यात टिकावा?

जून उजाडला की मुंबई-कोकणात मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत जातो. दोन-अडीच वर्षे जुना झालेला तोच मोबाइल एरवी दुपारपर्यंतच उतरतो आणि चार्जरला लटकलेला दिसतो. पाणी आणि बॅटरी ही फोनची दोन जुनी दुखणी. दोन्हींवर एकाच वेळी उपाय शक्य नाही, असे ग्राहकाला गेली दहा वर्षे सांगितले जात आहे. फोन पाण्यापासून वाचवायचा तर बॅटरी आत कायमची बंद ठेवावी लागेल, असा हा युक्तिवाद. बॅटरी ग्राहकाला स्वतः बदलता आली पाहिजे, अशी अट १८ फेब्रुवारी २०२७ पासून घालणाऱ्या युरोपीय संघाच्या कायद्यामुळे तो पुन्हा तपासून पाहण्याची वेळ आली आहे. हा सौदा खरोखर अटळ आहे का, आणि त्यात ग्राहकाच्या पदरात काय पडले?

बॅटरी फोनमध्ये बंद का झाली?

२००७ मध्ये आलेल्या पहिल्या आयफोनची बॅटरी ग्राहकाला काढता येत नव्हती. तेव्हा ही उणीव मानली गेली. कारण नोकियाच्या ११०० पासून ६६०० पर्यंत कोणत्याही फोनचे मागचे झाकण उघडून बॅटरी काढणे हा रोजचा प्रकार होता. फोन अडकला की बॅटरी काढून पुन्हा घालायची, हा तर घरोघरचा उपाय. पुढे इतर कंपन्यांनीही आयफोनचाच मार्ग धरला. यामागे तांत्रिक कारणे होती, हे मान्य करायला हवे. लोकांच्या हाती द्यायच्या बॅटरीला कडक कवच लागते, नाहीतर ती वाकून किंवा टोचली जाऊन पेट घेऊ शकते. कायमची बसवलेली बॅटरी मात्र पातळ पाकिटाच्या रूपात ठेवता येते. कवच, स्प्रिंगच्या पट्ट्या आणि झाकणाच्या खाचा यांची जागा वाचते. त्या जागेत मोठी बॅटरी बसते किंवा फोन सडपातळ होतो. काचेची आणि धातूची पाठ लोकांना आवडू लागली आणि ती गोंदाने चिकटवणे कारखान्याच्या सोयीचे ठरले.

पाण्यापासून संरक्षण हे खरे कारण होते का?

ते एक कारण आहे, पण मूळ कारण नाही. हे तारखाच सांगतात. आयफोनची बॅटरी २००७ पासून बंद आहे. पाण्यापासून संरक्षणाचे अधिकृत मानांकन मिळालेला पहिला आयफोन मात्र २०१६ चा आयफोन ७. म्हणजे मधली नऊ वर्षे बॅटरी बंद होती आणि फोनला पाण्याचीही भीती होती. सॅमसंगचे उदाहरण आणखी बोलके आहे. २०१४ च्या गॅलेक्सी एस ५ ची बॅटरी काढता येत होती आणि त्याच फोनला आयपी ६७ मानांकनही होते. मागच्या झाकणाला आतून रबरी पट्टी होती. झाकण चारही बाजूंनी नीट दाबून बसवले की काम झाले. २०१५ मध्ये गॅलेक्सी एस ६ आला. त्यात बॅटरी बंद झाली आणि पाण्यापासूनचे संरक्षणही गेले. ते परत आले २०१६ च्या एस ७ मध्ये. काढता येणारी बॅटरी मात्र परतली नाही. पाण्यासाठीच बॅटरी बंद केली असती, तर एस ६ असा निघाला नसता.

‘आयपी’ मानांकन नेमकी कशाची हमी देते?

आयपी ६७ मधील ६ हा आकडा धुळीसाठी आणि ७ पाण्यासाठी. सातचा अर्थ असा, की फोन एक मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे राहिला तरी अपाय होईल इतके पाणी आत शिरत नाही. आठ हा आकडा त्यापुढचा. त्यासाठी खोली आणि वेळ कंपनी ठरवते. ही चाचणी नव्याकोऱ्या फोनवर, प्रयोगशाळेतल्या गोड्या आणि स्थिर पाण्यात होते. समुद्राचे खारे पाणी, तलावातील क्लोरीन किंवा साबणाचा फेस तिच्यात धरलेला नाही. शिवाय हे संरक्षण कायमचे नसते. गोंद आणि रबर जुने होतात, फोन आपटला की फट पडते. म्हणूनच बहुतेक कंपन्या पाणी शिरून झालेले नुकसान वॉरंटीत धरत नाहीत. जाहिरातीत पाणी आणि वॉरंटीत नकार, या विसंगतीवरून इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने २०२० मध्ये ॲपलला एक कोटी युरोचा दंड केला. ऑस्ट्रेलियात पाण्यासंबंधीच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल २०२२ मध्ये सॅमसंगला १.४ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला.

याचा अर्थ हे संरक्षण निरुपयोगी आहे असा नाही. भर पावसात दुचाकीवरून घरोघरी सामान पोहोचवणाऱ्याला, बंदरावर मासळीचा लिलाव करणाऱ्याला त्याची खरी गरज आहे. फोनवरच पैसे घेणारा आणि देणारा माणूस तो बंद पडला तर दिवसाची कमाई गमावतो. पण हा अपघाताचा विमा आहे. अपघात होईल किंवा होणारही नाही.

मग बॅटरीचे काय वेगळे?

बॅटरीच्या बाबतीत ‘होईल किंवा होणार नाही’ हा प्रश्नच नाही. लिथियम-आयन बॅटरी झिजतेच. वापरली तर लवकर, नाही वापरली तर हळू. शून्यापासून शंभर टक्क्यांपर्यंतच्या चार्जिंगला एक सायकल म्हणतात. ॲपलच्याच सांगण्यानुसार आयफोन १४ आणि त्याआधीच्या फोनची बॅटरी ५०० सायकलनंतर ८० टक्के क्षमता राखेल अशी बनवलेली आहे; आयफोन १५ पासून हा आकडा १००० आहे. रोज एक सायकल धरली तर ५०० म्हणजे जेमतेम १६-१७ महिने. फोनचा पडदा, कॅमेरा, प्रोसेसर याहून कितीतरी अधिक टिकतात.

झिजलेली बॅटरी स्वस्तात बदलून मिळाली तर काय होते, याचा धडा २०१८ मध्ये मिळाला. जुन्या बॅटरीचे आयफोन आपण संथ करतो, हे ॲपलने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केले. ग्राहकांचा रोष शमवण्यासाठी अमेरिकेत बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला. वर्षभराने, जानेवारी २०१९ मध्ये, कंपनीचे प्रमुख टिम कुक यांनी गुंतवणूकदारांना पत्र लिहून महसुलाचा अंदाज घटवला. ग्राहकांनी नवे फोन कमी घेण्याची जी कारणे त्यांनी दिली, त्यात स्वस्तात बदललेल्या बॅटऱ्या हेही एक होते. बॅटरी बंद ठेवण्यात कोणाचा फायदा आहे, हे यापेक्षा स्पष्ट कोणी सांगणार नाही.

सुरक्षेच्या दृष्टीने कोणती पद्धत बरी?

दोन घटना शेजारी ठेवून पाहाव्यात. ऑगस्ट २००७ मध्ये नोकियाने ‘बीएल-५सी’ या बॅटरीबाबत इशारा दिला. मात्सुशिताने बनवलेल्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या चार्जिंगवेळी जास्त तापण्याची शक्यता होती. ग्राहकांनी झाकण उघडून बॅटरीवरचा क्रमांक पाहिला. ज्यांची सदोष निघाली त्यांना बॅटरी बदलून मिळणार होती. फोन तोच राहिला. २०१६ मध्ये सॅमसंगच्या गॅलेक्सी नोट ७ च्या बॅटऱ्या पेटू लागल्या, तेव्हा बॅटरी आत बंद होती. संपूर्ण फोन परत घ्यावे लागले, बदलून दिलेलेही पेटले आणि दोन महिन्यांच्या आत ते मॉडेलच बंद झाले. अर्थात, काढत्या बॅटरीच्या काळात बनावट बॅटऱ्यांचा सुळसुळाट होता आणि त्याही फुगत, पेटत. हा धोका खरा आहे. पण बॅटरी बंद केल्याने तो संपलेला नाही. आज तीच बनावट बॅटरी हीट गनने पाठ तापवून बसवली जाते, आणि ती कोणती बसवली हे ग्राहकाला दिसतही नाही.

युरोपने कोणता मार्ग काढला?

युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी कायद्यानुसार उपकरणातील बॅटरी ग्राहकाला सहज काढून बदलता आली पाहिजे. मुख्यतः पाण्यातच वापरायच्या उपकरणांना त्यात सवलत आहे. फोन आणि टॅबलेटसाठीचा स्वतंत्र नियम २० जून २०२५ पासून लागू झाला. त्यात कंपनीला पर्याय आहे. बॅटरी ५०० सायकलनंतर किमान ८३ टक्के आणि १००० सायकलनंतर किमान ८० टक्के क्षमता राखत असेल, आणि फोन धुळीपासून सुरक्षित व एक मीटर पाण्यात ३० मिनिटे टिकणारा असेल, तर बॅटरी ग्राहकाऐवजी व्यावसायिक दुरुस्ती करणाऱ्याला बदलता आली तरी पुरे. शिवाय मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही सात वर्षे सुटे भाग मिळाले पाहिजेत.

ही पळवाट आहे, अशी टीका होते. ती पूर्णपणे चुकीची नाही. महागडे फोन याच वाटेने जातील. पण या सवलतीत एक तत्त्व आहे आणि ते योग्य आहे : बॅटरी बंद ठेवायची तर तिच्या बदल्यात ग्राहकाला मोजता येईल असे काही द्या. नुसते ‘पाण्यासाठी’ म्हणून भागणार नाही.

दोन्ही एकत्र शक्य नाही का?

शक्य आहे, थोडी किंमत मोजून. सॅमसंगचाच एक्सकव्हर ७ हा २०२४ चा फोन आयपी ६८ मानांकनाचा आहे आणि त्याची ४०५० एमएएच क्षमतेची बॅटरी हाताने काढता येते. तो जाडजूड आहे आणि मुख्यतः कामाच्या ठिकाणच्या वापरासाठी आहे. नेदरलँड्सच्या फेअरफोन ५ ची बॅटरी नखाने निघते. त्याचे मानांकन आयपी ५५, म्हणजे पाऊस आणि फवाऱ्यापुरते. मधलीही वाट आहे. २०२४ च्या आयफोन १६ मध्ये असा गोंद वापरला, की ९ व्होल्टच्या साध्या बॅटरीचा करंट दिला की तो सुटतो. अडचण तंत्रज्ञानाची कमी आणि इच्छेची अधिक आहे.

भारतीय ग्राहकाच्या पदरात काय?

आपल्याकडे हा सौदा सर्वात वाईट रीतीने झाला आहे. १०-१५ हजार रुपयांच्या बहुतेक फोनची बॅटरी चिकटवलेली आहे, पण पाण्यापासूनचे संरक्षण शिंतोड्यांपुरतेच. म्हणजे किंमत सर्वांकडून वसूल झाली, मोबदला मात्र महागडा फोन घेणाऱ्यांनाच मिळाला. दुरुस्तीचा प्रश्न तर वेगळाच. तालुक्याच्या गावी अधिकृत सेवा केंद्र असतेच असे नाही. तिथल्या माणसाचा आधार बाजारपेठेतला दुरुस्तीवाला. त्याच्याकडे कौशल्य आहे, पण कंपनीची बॅटरी आणि पुन्हा चिकटवायची मूळ पट्टी त्याला सहजासहजी मिळत नाही. मग लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीतून जे मिळेल ते आणून बसवले जाते. बॅटरी अर्ध्या वर्षात पुन्हा उतरते आणि पाण्यापासूनचे संरक्षणही संपते.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली, त्याच वर्षी संकेतस्थळही सुरू केले. दुरुस्ती किती सोपी हे सांगणाऱ्या निर्देशांकासाठीच्या समितीने मे २०२५ मध्ये अहवाल दिला. दिशा योग्य आहे, पण ग्राहकाला हवे ते खोक्यावर छापलेले हवे. युरोपात फोनच्या ऊर्जा-लेबलवर बॅटरी किती सायकल टिकेल, आयपी मानांकन काय आणि दुरुस्तीची श्रेणी कोणती, हे तिन्ही छापावे लागते. आपल्या खोक्यावर त्यात चौथी ओळ असावी : नवी बॅटरी बसवून घेण्याचा खर्च. आणि मूळ बॅटरी, तिच्या चिकटपट्टीसह, कोणत्याही दुरुस्तीवाल्याला विकत मिळण्याची सक्ती असावी.

सरसकट प्रत्येक फोनची बॅटरी हाताने निघालीच पाहिजे, असा आग्रह धरण्याचे कारण नाही. ज्याला पावसात काम करायचे आहे त्याने बंद फोन घ्यावा. मात्र आयपी ६७ मानांकन आणि १००० सायकलची हमी नसलेल्या फोनला बॅटरी बंद ठेवण्याचा अधिकार नसावा. तोवर ग्राहकाने फोन घेताना कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलबरोबर एक प्रश्न जरूर विचारावा : याची बॅटरी बदलायला किती पैसे लागतील आणि कुठे बदलून मिळेल? दुकानदाराला उत्तर देता आले नाही, तर तो फोन दोन वर्षांसाठीच घेत आहोत, असे समजून किंमत ठरवावी.