सौदे बंद, गाडी धरली

मार्केट यार्डातले सौदे अचानक बंद राहिले, की दुधनीचा माणूस सोलापूरला निघतो. मित्र म्हणाला, ‘चल की बे, आज उलटीकडं जाऊ,’ आणि आम्ही कलबुर्गीची गाडी धरली. गाणगापूर रोडला दत्तभक्त उतरले, डबा रिकामा झाला. कलबुर्गीला आपण जातो ते दवाखान्यासाठी नाहीतर लग्नाच्या बस्त्यासाठी; शहर म्हणून ते बघतो कोण? किल्ल्यातली जामा मशीद १३६७ची. मशिदीला एरवी मोकळं अंगण असतं, इथं सगळी जागा घुमटांनी झाकलेली. त्या रुंद, बुटक्या कमानींखाली कितीही वेळ चालावं, ऊन फक्त कडेनं आत येतं. तुरीच्या भावाशिवाय दुसरं न बोलणारा माझा मित्र तिथं खांबाला हात लावून उभाच राहिला. १३४७पासून ही बहमनींची राजधानी. आपला सोलापूरचा मुलूखही त्याच राज्यातला. आता मधे दोन राज्यांची हद्द आली म्हणून शाळेच्या सहलीनं इथवर येऊ नये, हे मला अजिबात पटत नाही. दुपारी कडक भाकरी, शेंगाचटणी, मग शरणबसवेश्वराचं दर्शन. ख्वाजा बंदे नवाजांचा दर्गा मात्र राहिला; त्याला सवडीनं जायला हवं.