नवी कार्यप्रणाली : गरज खरी, भार कोणावर?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट या अमेरिकन कंपनीने विंडोज १० या आपल्या कार्यप्रणालीची नियमित देखभाल थांबवली. नांदेड-लातूर जिल्ह्यांत त्या दिवसांत या बातमीकडे पाहायला कोणाला सवड नव्हती. ऑगस्ट-सप्टेंबरच्या अतिवृष्टीने उभे सोयाबीन पाण्यात गेले होते, मुखेड तालुक्यात पुराने माणसांचे बळी घेतले होते, आणि शेतकरी मदतीच्या यादीत आपले नाव शोधत होता. परंतु ती यादी तो पाहत होता ती संगणकाच्या पडद्यावरच. ग्रामपंचायतीतील आपले सरकार सेवा केंद्र, तालुक्याच्या रस्त्यावरील झेरॉक्स-इंटरनेटचे दुकान, लातूरला शिकायला आलेल्या मुलांचे प्रवेशपरीक्षेचे अर्ज भरून देणारी केंद्रे ही सारी बहुतांशी विंडोजवरच चालतात. म्हणून हा विषय केवळ शहरी नोकरदारांचा आहे असे समजून आपल्या कार्यकर्त्यांनी तो बाजूला सारू नये.

कार्यप्रणाली म्हणजे संगणकाचा मूळ कारभार पाहणारी आज्ञावली. कळफलकावरील अक्षर पडद्यावर उमटवणे, कागद छपाईयंत्राकडे धाडणे, कोणत्या आज्ञेला आत येऊ द्यायचे व कोणाला दाराबाहेर ठेवायचे हे ठरवणे, ही कामे तिची. लक्षावधी ओळींच्या या रचनेत दोष राहतातच. ते उघडकीस आले की कंपनी दुरुस्ती पाठवते. देखभाल थांबली याचा अर्थ संगणक बंद पडला असा नव्हे. तो दुसऱ्या दिवशीही पूर्वीसारखाच सुरू होतो. फरक इतकाच, की यापुढे सापडणारी प्रत्येक फट उघडीच राहते, आणि चोराला ती आधी कळते.

आता या यंत्रांतून काय जाते ते पाहावे. सातबाराची मूळ नोंद सरकारी सर्व्हरवर असते हे खरे. परंतु केंद्रातल्या संगणकात आधार कार्डाच्या छायाप्रती, पासबुकाची छायाचित्रे, जातीचे व उत्पन्नाचे दाखले, विधवा भगिनींचे निराधार योजनेचे अर्ज वर्षानुवर्षे साचलेले असतात. केंद्रचालकाचा परवलीचा शब्दही त्याच कळफलकावर टाइप होतो. श्रीमंत माणूस आपली कागदपत्रे आपल्या कुलपात ठेवतो. किनवटच्या तांड्यावरील बाई मात्र ती दुसऱ्याच्या यंत्रात ठेवून येते, कारण तिला दुसरा मार्ग नाही. तेव्हा कार्यप्रणाली जुनी राहिल्याचा पहिला फटका तिलाच बसतो.

ही भीती काल्पनिक नाही. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर आज्ञावलीने जगभरातील संगणक कुलूपबंद केले. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांतील तपासण्या व शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या, आपल्या देशात आंध्र प्रदेशात पोलिसांचे संगणक अडकले. ज्या दोषातून ती शिरली त्याची दुरुस्ती दोन महिने आधीच, मार्चमध्ये प्रसिद्ध झाली होती. ज्यांनी ती घेतली नाही, किंवा ज्यांची प्रणाली इतकी जुनी होती की त्यांना ती मिळालीच नव्हती, ते सापडले. पुढच्याच महिन्यात तशाच दुसऱ्या हल्ल्याने मुंबईजवळील जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचे काम ठप्प केले. आपल्या रिझर्व्ह बँकेलाही जाग आली ती याच सुमारास. बँकांची एटीएम यंत्रे विंडोज एक्सपीवर चालत होती, आणि त्या प्रणालीची देखभाल एप्रिल २०१४ मध्येच संपली होती. जून २०१८ च्या आदेशाने रिझर्व्ह बँकेने ही यंत्रे टप्प्याटप्प्याने, जून २०१९ पर्यंत बदलण्याचे बंधन बँकांवर घातले. बँकेच्या तिजोरीला जो नियम लागू झाला, तो गरिबाच्या कागदपत्रांना का लागू होऊ नये?

बदलाचा दुसरा लाभ आपल्या भाषेचा आहे. मराठवाड्यातील छापखान्यांत, कार्यालयांत आणि चळवळींच्या कचेऱ्यांत वर्षानुवर्षे मराठी मजकूर विशिष्ट कंपन्यांच्या जुन्या फाँटमध्ये जुळवला गेला. तो फाँट नसलेल्या संगणकावर तोच मजकूर उघडला की अक्षरांचा नुसता चिवडा दिसतो. त्या फाँटसाठी जुनी आज्ञावली हवी, ती चालावी म्हणून जुनी कार्यप्रणाली हवी, असे हे दावे एकाला एक बांधलेले आहेत. युनिकोडने ही अडचण दूर केली. विंडोजमध्ये देवनागरी युनिकोड २००० सालापासून आहे, पण जुन्या संगणकांवर जोडाक्षरे पुष्कळदा नीट उमटत नसत. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतील भेद राखणेही अवघड जाई. आजच्या प्रणालींवर मराठी सरळ लिहिता येते, शोधता येते, आणि एका यंत्रावरून दुसऱ्यावर धाडता येते. जुने ठराव, वर्गणीदारांच्या याद्या, लढ्यांची पत्रके युनिकोडमध्ये आणण्याचे काम या निमित्ताने झाले नाही, तर ते यंत्र मोडेल त्या दिवशी तो इतिहासही मोडीत जाईल.

तर बदल हवा, याविषयी शंका नको. ‘चालतंय ना, मग कशाला हात लावायचा’ हा युक्तिवाद व्यवहारी वाटतो, पण तो सुरक्षित नाही.

खरी मेख पुढे आहे. विंडोज ११ ही नवी प्रणाली १० च्या अधिकृत प्रतधारकाला विनामूल्य मिळते खरी, परंतु तिच्या अटी पाहाव्यात. संगणकात टीपीएम २.० ही सुरक्षा-चकती हवी, आणि प्रक्रियक साधारणपणे २०१७-१८ नंतरच्या पिढीचा हवा. या अटींमागे तांत्रिक कारण अजिबात नाही असे नव्हे. किल्ल्या स्वतंत्र चकतीत राहिल्या की त्या चोरणे कठीण होते. परंतु परिणाम असा, की दोन-चार वर्षे सहज चालेल असे सुस्थितीतील यंत्र कंपनीच्या कागदावर एका दिवसात भंगार ठरते. निलंग्याच्या केंद्रचालकाला नवा संगणक म्हणजे काही महिन्यांची कमाई. जिल्हा परिषदेच्या शाळेला म्हणजे पुढच्या अंदाजपत्रकापर्यंतची वाट.

कंपनीने एक वर्षाची जादा देखभाल, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, देऊ केली. घरगुती ग्राहकाने त्यासाठी तीस डॉलर भरावेत, नाही तर कंपनीकडे खाते उघडून आपल्या संगणकाच्या मांडणीची प्रत तिच्या हवाली करावी. संस्थांना पहिल्या वर्षी दर यंत्रामागे एकसष्ट डॉलर, आणि पुढे दरवर्षी दुप्पट. युरोपात मात्र ग्राहक संघटनांनी दबाव आणताच तेथील नागरिकांसाठी पैशाची व प्रत देण्याचीही अट गळून पडली. म्हणजे ही अट निसर्गाचा नियम नव्हती. जेथे ग्राहक संघटित होते तेथे ती सुटली, जेथे नव्हते तेथे राहिली.

तिसरा मार्गही आहे, आणि त्याची चर्चा आपल्याकडे व्हायला हवी तितकी होत नाही. लिनक्सवर आधारलेल्या मुक्त कार्यप्रणाली विनामूल्य मिळतात, त्यांचा मूळ मजकूर सर्वांना खुला असतो, आणि त्यांपैकी अनेक जुन्या यंत्रांवर उत्तम चालतात. केरळ सरकारने आपल्या शाळांतील दोन लाखांहून अधिक संगणकांसाठी २०१९ साली अशीच प्रणाली नव्या रूपात आणली, आणि शिक्षकांना तिचे प्रशिक्षण दिले. आपल्या सी-डॅकची ‘बॉस’ ही प्रणाली भारतीय भाषांसाठीच घडवलेली आहे. केंद्र सरकारने २०१५ साली मुक्त आज्ञावलींना प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. ते प्राधान्य आपल्या तहसील कचेरीत आणि शाळेत कितपत पोचले, याची झडती घेतली पाहिजे.

अडचणी लपवून उपयोग नाही. बोटांचे ठसे घेणारी यंत्रे आणि डिजिटल स्वाक्षरीच्या चाव्या यांच्या जोडणीच्या आज्ञावली पुरवठादार बहुधा विंडोज डोळ्यांपुढे ठेवूनच तयार करतात. म्हणून सेवा केंद्रे उद्याच्या उद्या लिनक्सवर नेता येणार नाहीत. शाळा, ग्रंथालये आणि संघटनांच्या कचेऱ्या मात्र नेता येतील. सेवा केंद्रांची अडचण दूर करणे शासनाच्या हाती आहे : सार्वजनिक सेवेसाठी विकले जाणारे प्रत्येक उपकरण मुक्त प्रणालीवरही चालले पाहिजे, अशी एक ओळ खरेदीच्या निविदेत घातली की पुरवठादार आपोआप वठणीवर येतील.

यंत्राशी कसे वागावे हा प्रश्न श्रमिक चळवळीला नवा नाही. १९८३ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटना आणि इंडियन बँक्स असोसिएशन यांच्यात यांत्रिकीकरणाबाबत करार झाला. संगणक डोळे मिटून स्वीकारण्याचा एक मार्ग होता, नुसता अडवून धरण्याचा दुसरा. संघटनांनी वाटाघाटीला बसून त्याच्या प्रवेशाच्या अटी ठरवण्यात भाग घेतला. आज ग्रामपंचायतींचे संगणक परिचालक तुटपुंज्या मानधनावर राबत आहेत आणि योग्य वेतनासाठी वर्षानुवर्षे मोर्चे काढत आले आहेत. नव्या यंत्राचा खर्चही त्यांच्याच किंवा केंद्रचालकांच्या खिशातून निघणार असेल, तर तो बदल आम्हाला मान्य होण्यासारखा नाही.

यासाठी नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांनी हे काम हाती घ्यावे. आपल्या तालुक्यातील शाळा, ग्रामपंचायती व सेवा केंद्रांत कोणत्या प्रणालीवर किती यंत्रे चालतात याची साधी यादी करावी. ती घेऊन जिल्हा परिषदेकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे जावे, आणि तीन गोष्टी मागाव्यात : सार्वजनिक कामाच्या यंत्रांचा बदल शासनाच्या खर्चाने व्हावा, जुनी पण सुस्थितीतील यंत्रे भंगारात न जाता मुक्त प्रणालीसह शाळांना मिळावीत, आणि परिचालकांना पगारी वेळेत प्रशिक्षण मिळावे. आपल्या स्वतःच्या कचेऱ्यांत तर आदेशाची वाट पाहण्याचे कारणच नाही. प्रथम सर्व कागदपत्रांची वेगळी प्रत काढावी, जुना मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणावा, एका यंत्रावर मुक्त प्रणाली घालून महिनाभर वापरून पाहावी, आणि मग बाकीच्यांचा निर्णय करावा. पुढची अतिवृष्टी येईल तेव्हा मदतीचा अर्ज पुन्हा याच यंत्रांतून जाणार आहे. यादीचे काम त्याआधी पुरे झाले पाहिजे.