पंपाची कळ आणि पंपचालकाचे मोल

पाणीयोजनेच्या उद्घाटनाला कळ दाबण्यासाठी मान्यवरांची वाण पडत नाही. त्यानंतरची कित्येक वर्षे तीच कळ रोज कोण दाबणार, हा प्रश्न मात्र अंदाजपत्रकाच्या शेवटच्या ओळीत, कंत्राटी मजुरीच्या सदरात उरकला जातो. गावची नळयोजना असो, कृष्णाकाठची सहकारी उपसा सिंचन संस्था असो वा साखर कारखाना, पाणी उचलण्याचे काम प्रामुख्याने केंद्रोत्सारी, म्हणजे सेंट्रिफ्युगल पंपच करतो. तो चालू-बंद करणे हे कोणालाही जमणारे काम आहे, अशी सार्वत्रिक समजूत आहे. या समजुतीची किंमत समाज नित्य मोजत असतो. ती हिशेबात वेगळी दिसत नाही, एवढेच.

पंपाचे तत्त्व साधे आहे. कवचात फिरणारा पंखा, म्हणजे इंपेलर, पाणी बाहेरच्या दिशेने भिरकावतो. मध्यभागी दाब कमी होतो आणि खालचे पाणी वर चढते. परंतु हवा पाण्यापेक्षा सुमारे ८०० पटींनी विरळ असते. कवचात हवा राहिली, तर पंखा कितीही वेगाने फिरला तरी पाणी ओढण्याइतका दाबातला फरक निर्माण होत नाही. म्हणून पाण्याच्या पातळीच्या वर बसवलेला पंप व त्याची सक्शनची नळी आधी पाण्याने भरून आतील हवा काढून टाकावी लागते. तसे न करता कळ दाबली, तर बाहेरून पंप चालू दिसतो. आत पॅकिंग कोरडे घासून जळत असते. चालत्या पंपाच्या ग्लँडमधून थेंब थेंब पाणी पडणे हीही गरजच असते, कारण त्यानेच पॅकिंग थंड राहते. पाहणीला आलेला अधिकारी त्याला गळती समजतो, ग्लँड आवळण्याचा हुकूम सोडतो, आणि काही दिवसांत शाफ्टवरील स्लीव्हला चरे पडतात.

पंप सुरू करताना सक्शनचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आणि डिलिव्हरीचा बंद ठेवायचा असतो. नेहमीच्या वापरातील पंपाला प्रवाह शून्य असताना सर्वांत कमी शक्ती लागते. आणि थेट सुरू होणारी मोटर आरंभीच्या काही क्षणांत आपल्या नेहमीच्या प्रवाहाच्या ५ ते ७ पट वीज ओढत असल्याने त्या वेळी तिच्यावर अधिक भार टाकणे इष्ट नसते. वेग आणि दाब स्थिरावला की ॲमीटरवर नजर ठेवून डिलिव्हरी हळूहळू उघडायची. मात्र ती फार वेळ बंद ठेवली, तर सारी शक्ती आतल्या थोड्याशा पाण्यात उष्णता होऊन साठते, पाणी उकळू लागते आणि पंपाला धोका पोहोचतो. अक्षीय प्रवाहाच्या पंपांना तर याच्या उलट नियम लागू पडतो. ते डिलिव्हरी उघडी ठेवूनच सुरू करायचे असतात. सारांश, येथे पाठांतर पुरत नाही, कारण समजावे लागते.

बंद करणे हे चालू करण्याहून अधिक जोखमीचे आहे. अर्धा मीटर व्यासाच्या एक किलोमीटर लांब जलवाहिनीत जवळजवळ २०० टन पाणी असते. मालगाडीच्या सुमारे तीन वाघिणींत मावेल एवढ्या वजनाचे. ते वाहत असताना एकाएकी थांबवले, तर त्याचा आघात कोठेतरी बसणारच. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय झुकोव्हस्की यांनी १८९७-९८ च्या सुमारास मॉस्कोच्या जलवाहिन्यांवर प्रयोग करून या आघाताचे गणित मांडले. पोलादी नळातील पाण्याचा सेकंदाला एक मीटरचा वेग अकस्मात शून्यावर आला, तर दाब सुमारे १०० मीटर उंचीच्या पाण्याइतका वाढू शकतो. म्हणून आधी डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह सावकाश मिटवायचा आणि मगच मोटर बंद करायची. वीज अचानक गेली तर ही संधी मिळत नाही. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नादुरुस्त असेल, तर परतणारे पाणी पंप उलटा फिरवते. त्याच वेळी वीज परत आली आणि कोणी कळ दाबली, तर शाफ्ट तुटू शकतो. रात्रीच्या विजेसाठी ऑटो स्टार्टर लावून घरी निजणाऱ्या शेतकऱ्याची सोय समजण्यासारखी आहे. पण पंपात पाणी आहे की नाही, हे साधा ऑटो स्टार्टर पाहत नाही.

याहून गंभीर प्रश्न माणसाच्या जिवाचा आहे. दुरुस्तीसाठी पंप उघडण्यापूर्वी फ्यूज काढणे, स्विचला कुलूप लावणे आणि किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात असणे, या तिन्ही गोष्टींना पर्याय नाही. 'कोणी चालू करू नका' असे ओरडून सांगणे म्हणजे सुरक्षितता नव्हे.

मग हे घडत का नाही? उत्तर यंत्रशास्त्रात नाही, अर्थशास्त्रात आहे. पंपचालकाचे वेतन एका सदरात, विजेचे बिल दुसऱ्या आणि दुरुस्ती तिसऱ्या सदरात पडते. वेतनात केलेली काटकसर डोळ्यांत भरते. तिच्यापायी जळालेली मोटर आणि फुटलेली जलवाहिनी मात्र 'आकस्मिक खर्च' ठरते. सतत चालणाऱ्या पंपाच्या आयुष्यभराच्या खर्चात खरेदीची किंमत हा लहान भाग असतो, विजेचा वाटा सर्वांत मोठा. तरीही निविदा खरेदीच्या किमतीवर आणि मजुरीच्या नीचतम दरावर ठरते. पाणी आठ दिवस बंद राहिल्यावर डोक्यावरून घागरी वाहणाऱ्या स्त्रियांचे श्रम तर कोणत्याच सदरात येत नाहीत.

स्वयंचलित यंत्रणा बसवली की माणसाचा प्रश्न मिटेल, असे काहींना वाटते. दाब, पातळी आणि तापमान ओळखून पंप थांबवणारी यंत्रणा उपयुक्त आहे, यात शंका नाही. परंतु ती पंप का थांबवते, हे ज्याला कळत नाही, तो पहिल्या अडचणीला तिची तार काढून टाकतो.

बॉयलर चालवणाऱ्याजवळ पात्रतेचे प्रमाणपत्र हवे, हे तत्त्व १९२३ च्या कायद्याने मान्य केले. मोठ्या पंपगृहांना ते लावण्यास हरकत नसावी. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत पंपचालकाचा अभ्यासक्रम आहे. तो उत्तीर्ण झालेल्याला त्याच कामावर, नियमित वेतनावर घ्यावे. प्रत्येक पंपगृहाच्या भिंतीवर त्या पंपाची चालू-बंद करण्याची रीत मराठीत लिहिलेली असावी आणि रोजची नोंदवही भरली जावी. धोका दिसताच वरच्या हुकमाची वाट न पाहता पंप थांबवण्याचा अधिकार चालकाला असावा.

२०१९ मध्ये घोषित झालेल्या जलजीवन मिशनची मुदत २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २०२८ पर्यंत वाढवण्यात आली, तेव्हा योजनांच्या देखभालीवरही भर देण्यात आला. या देखभालीचा आरंभ व्हॉल्व्हच्या चाकावरील हातापासून होतो. तो हात जाणता असावा, ही अपेक्षा समाजाला असेल, तर त्याचे मोल देण्याची तयारीही समाजाने ठेवली पाहिजे.