‘किती पळाली?’ नंतर, आधी ‘कधी बनली?’

घरात सेकंडहँड सेदान घ्यायचं घाटत असेल, तर मोबाइलवर गाड्या शोधायचं काम तुमच्याकडेच येणार. मग आपण काय बघतो? रंग, किंमत, किलोमीटर आणि ‘सिंगल ओनर’ हे दोन शब्द. गाडी नेमकी कधी बनली, हे मात्र कोणी फारसं विचारत नाही. खरी गोम तिथेच असते.

होंडा सिटीचंच घ्या. जुन्या बाजारात या गाडीला भारी मागणी. चौथ्या पिढीची सिटी जानेवारी २०१४ मध्ये आली. बाहेरून बघाल तर २०१५ ची काय नि २०१९ ची काय, साधारण सारखीच. पण २०१८ मध्ये बनलेल्या होंडाच्या ६५,६५१ गाड्या कंपनीने जून २०२० मध्ये परत बोलावल्या. त्यात सिटीही होती. कारण इंधन पंपातला दोष. हा पंप टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे ढकलतो. तोच अडकला तर गाडी सुरू होत नाही, नाहीतर चालता चालता बंद पडते. एक्स्प्रेस-वेवर मागून ट्रक येत असताना असं झालं तर? पुढे एप्रिल २०२१ मध्ये आणखी ७७,९५४ गाड्या बोलावल्या, जानेवारी २०१९ ते सप्टेंबर २०२० दरम्यानच्या. २०२४ मध्ये पुन्हा ९० हजारांहून जास्त. दोष तोच, इंधन पंपाचा.

म्हणून सिटी वाईट गाडी आहे का? मुळीच नाही. कंपनीने दोष जाहीर केला, पंप फुकट बदलून दिला. अडचण वेगळीच आहे. ‘गाडी घेऊन या’ हा निरोप कंपनीकडे ज्याचा पत्ता-फोन असतो, त्याला जातो. गाडी विकली गेली की निरोप जुन्या मालकाकडे आणि सदोष पंप तुमच्याकडे!

कायदा आहे की, असं तुम्ही म्हणाल. आहे. १ एप्रिल २०२१ पासून सरकार कंपनीला सदोष गाड्या परत बोलवायला लावू शकतं. पण ही सक्ती सात वर्षांच्या आतल्या गाड्यांपुरती. आपल्या बजेटमध्ये बसणारी गाडी बऱ्याचदा त्याहून जुनी असते.

त्यात आता इथेनॉलची भर. एप्रिल २०२३ पासूनच्या पेट्रोल गाड्यांचे भाग २० टक्के इथेनॉल चालेल असे बनवलेत. त्याआधीच्या काही गाड्यांत २०-३० हजार किलोमीटरनंतर रबरी भाग, गॅस्केट बदलावे लागू शकतात, असं पेट्रोलियम मंत्रालयानेच ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं. खर्च किरकोळ, असंही म्हटलं. किरकोळ असला तरी तो पडणार नव्या मालकाच्याच खिशावर.

तेव्हा गाडी बघायला जाल तेव्हा आधी आरसी मागा. त्यावर नोंदणीची तारीख असते आणि उत्पादनाचा महिना-वर्षही. दोन्हींत बरंच अंतर असू शकतं, म्हणून उत्पादनाचा महिना बघा. चासी नंबर टिपून घ्या आणि कंपनीच्या वेबसाइटवर किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारा, ‘या गाडीचं काही काम बाकी आहे का?’ बाकी असेल तर ते करून मगच गाडी द्या, असं विक्रेत्याला स्पष्ट सांगा.

तो चासी नंबर द्यायला टाळाटाळ करत असेल, तर ‘डील’ कितीही झकास असू दे, तिथून सरळ निघा.