खऱ्या नावाचा हट्ट कशाला?

ट्रोलांचा धुमाकूळ वाढला की एक मागणी हमखास पुढे येते : सोशल मीडियाची खाती आधारला जोडा, सगळे ताळ्यावर येतील. असे म्हणणाऱ्यांनी आपल्या सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडून पाहावा. तिथे सगळे खऱ्या नावाने, फ्लॅट नंबरासकट हजर असतात. तरीही पार्किंगवरून एकमेकांची अक्कल काढायला कुणी कचरत नाही.

दक्षिण कोरियाने हा प्रयोग कायद्यानेच करून पाहिला. २००७पासून तिथे मोठ्या संकेतस्थळांवर काही लिहायचे तर आधी ओळख पटवावी लागे. यूट्यूबने २००९मध्ये ही अट मानण्याऐवजी कोरियापुरती व्हिडिओ आणि प्रतिक्रिया टाकण्याची सोयच बंद केली. २०११मध्ये ‘नेट’ (Nate) आणि ‘सायवर्ल्ड’ या तिथल्या सेवांवर हॅकरांनी डल्ला मारला. साडेतीन कोटी लोकांची माहिती गेली, आणि देशाची लोकसंख्या पाच कोटींच्या आसपास! पुढच्याच वर्षी तिथल्या घटनात्मक न्यायालयाने कायदा एकमताने रद्द केला. बेकायदा मजकूर म्हणावा तसा घटला नव्हताच.

खऱ्या नावाची किंमत कोण मोजतो, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. नोव्हेंबर २०१२मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर शंका घेतली. मैत्रिणीने ती पोस्ट लाइक केली. दोघींना अटक झाली. पोस्ट लिहिणारीच्या काकांचा दवाखाना फोडला गेला. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या ६६-अ कलमाचा तेव्हा धाक होता, ते सर्वोच्च न्यायालयाने २०१५मध्ये रद्द केले खरे, पण फुटलेला दवाखाना त्याने भरून निघत नाही.

मराठीला तर टोपणनावाचे वावडे कधीच नव्हते. १९३३मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह आला, तेव्हा शिकलेल्या अविवाहित मुलींची घुसमट वाचून खळबळ उडाली आणि ही विभावरी शिरूरकर कोण, याचीच चर्चा रंगली. बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर, त्या नावाआड होत्या. आज तसे लिहिणारीला आधी ओटीपी मागायचा का?

शिवाय टोपणनाव म्हणजे मोकाट रान नव्हे. आपल्याकडे खाते बहुधा मोबाइल नंबरावर असते आणि नंबर केवायसीवर. धमकी देणाऱ्याला शोधायचेच ठरवले तर पोलिसांकडे धागे असतात. त्यासाठी तक्रार वेळेत नोंदवून घ्यावी लागते. २०२१च्या आयटी नियमांनी मोठ्या कंपन्यांना ओळख पडताळणीची सोय द्यायला सांगितले, पण ती ऐच्छिक ठेवली. तिची सक्ती झाली, तर ट्रोल दुसरे सिम शोधेल. घरात मार खाणारी बाई आणि साहेबाचा घोटाळा सांगू पाहणारा कारकून मात्र लिहायचे थांबतील.