प्रवासविचार : कापसाच्या किल्ल्याची वाट

तुर्कस्तानांतील पामुक्कले पाहावयास जाण्याचे बेत हल्लीं आमच्यांतील पुष्कळ घरांत होऊं लागले आहेत. त्या बेतांत आजी-आजोबा, लेकी-सुना व नातवंडें एकत्र असलीं म्हणजे एक प्रश्न हटकून निघतो : विमानतळावरून तेथवर स्वतंत्र गाडी अगोदर ठरवून ठेवावी, कीं चार अनोळखी प्रवाशांबरोबर सामायिक मोटारीनें जावें? प्रश्न दिसावयास पैशाचा आहे. आमच्या मतें तो घरांतील वडील माणसांना तें स्थळ धडपणें पाहावयास मिळतें कीं नाहीं, याचा आहे.

प्रथम अंतरें पाहूं. सर्वांत जवळचा विमानतळ देनिझ्ली प्रांतांतील चार्दाक येथील. तेथून पामुक्कले ६५ ते ७० किलोमीटर, म्हणजे सुमारें तासाभराची वाट. इस्तंबूलहून चार्दाकास विमान साधारण सव्वा तासांत पोंचतें. मात्र इस्तंबूलास दोन विमानतळ आहेत. एक युरोपच्या बाजूस, दुसरा, साबिहा गोक्चेन नांवाचा, आशियाच्या बाजूस. एकावर उतरून पुढचें विमान दुसऱ्यावर गांठावयाचें तिकीट कितीही स्वस्त पडो, वृद्धांना व पेट्यांना घेऊन अख्खें शहर ओलांडण्याची ती शिक्षा कोणी ओढवून घेऊं नये. इझमीर व अंतल्या येथूनही लोक येतात. पण तीं अंतरें २५० किलोमीटरांच्या आसपास आहेत. तेथून एका दिवसांत जाऊन येणारा मनुष्य सहासात तास गाडींत बसतो आणि भर दुपारीं पांढऱ्या खडकावर उभा राहतो. उन्हाळ्यांत त्या शुभ्र पृष्ठावरून ऊन असें परततें कीं डोळे उघडवत नाहींत. एक रात्र खालच्या गांवांत मुक्काम करावा आणि सकाळीं लवकर किंवा दिवस कलल्यावर वर जावें, हें आम्ही आग्रहानें सांगूं.

चार्दाकहून विमानांच्या वेळेस धरून देनिझ्ली शहरास बस जाते. तेथून पामुक्कलेच्या गांवास लहान मोटारी सुटतात, त्यांस तिकडे दोल्मुश म्हणतात. दोघे तरुण असतील तर त्यांनीं खुशाल याच वाटेनें जावें. आठ माणसांच्या कुटुंबाचें गणित निराळें. सामायिक मोटार माणशीं भाडें घेते, सर्वांची सामानें येईपर्यंत थांबते, आणि दहा ठिकाणीं उतारू उतरवीत जाते. स्वतंत्र गाडीचें भाडें गाडीमागें असतें, म्हणून मोठ्या कुटुंबास तें पुष्कळदां जड जात नाहीं. ठरवितांना भाडें कोणत्या चलनांत, विमानास उशीर झाला तर थांबण्याचे पैसे पडतात काय, पेट्या किती मावतील, मुलांसाठीं वेगळें आसन मिळेल काय, हें सारें लेखी घ्यावें. विमानाचा क्रमांकही कळवावा. इतक्यानें निम्मी काळजी मिटते.

उरलेली निम्मी गाडी कोठें थांबवावी यांत आहे. स्थळास तीन द्वारें आहेत. खालच्या गांवाकडील द्वारानें गेल्यास थेट पांढऱ्या चढणीवर पाऊल पडतें, आणि तेथें पादत्राणें काढावींच लागतात. ओल्या, खरबरीत खडकावरून अनवाणी चढणें मुलांना मौजेचें वाटतें. गुडघे दुखणाऱ्या आजीबाईंना नव्हे. उत्तरेच्या द्वारापाशीं प्राचीन स्मशान आहे, परंतु तेथून झऱ्यांपर्यंत पायपीट फार. वडील मंडळींस दक्षिणेच्या द्वाराशीं उतरवावें, तरुणांनीं खालून चढून यावें, आणि सर्वांनीं माथ्यावर भेटावें. अशी फोड स्वतःची गाडी असली तरच साधते.

या अनवाणी चढणीस एक इतिहास आहे. विसाव्या शतकांत माथ्यावरील अवशेषांतच हॉटेलें उभीं राहिलीं, झऱ्याचें पाणी त्यांच्या तलावांकडे वळलें, आणि मोटारींसाठीं पांढऱ्या उतारावरूनच रस्ता काढण्यांत आला. पाणी न मिळाल्यानें व धुळीनें खडक काळवंडला. १९८८ सालीं युनेस्कोनें हें स्थळ जागतिक वारशांत घेतलें. पुढें हॉटेलें पाडलीं गेलीं, रस्ता बंद झाला, व त्या जागीं पाण्याचीं उथळ कुंडें बांधण्यांत आलीं. आज प्रवासी जेथें पाय भिजवितो तेथूनच एके काळीं मोटारी धांवत. पाणी आतां पाळीपाळीनें सोडतात, म्हणून कांहीं कुंडें कोरडीं दिसतात. त्यावरून फसगत झाली असें मानूं नये. खडकास तेवढी विश्रांति लागतेच.

तो खडक वाढतो कसा? सुमारें ३५ अंश सेल्सियस उष्णतेचें पाणी भूगर्भांतून चुना विरघळवून वर येतें. हवा लागतांच त्यांतील कर्बाम्ल वायु उडून जातो आणि चुना खालीं बसतो. आरंभीं तो लिबलिबीत असतो, मग दगड होतो. आमच्या वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडांत स्नान केलेल्यांस ऊन पाण्याचें नवल नाहीं, पण पाण्यानें स्वतःच पर्वताचा उतार रचावा हें तेथेंच पाहावें.

तोच वायु प्राणही घेतो. माथ्यावरील हिएरापोलिस नगरांत पाताळाच्या देवतेचें एक विवर होतें. ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो यानें तेथें चिमण्या सोडून पाहिल्या व त्या तत्काळ मेल्या, असें तो लिहितो. बैल आंत नेले कीं कोसळत, पुजारी मात्र जिवंत परत येत. २०१३ सालीं इटालियन संशोधकांनीं त्या जागेचा शोध जाहीर केला, आणि पुढें झालेल्या मोजणींत उलगडा दिसला : हा वायु हवेहून जड असल्यामुळें जमिनीलगत सांचतो, बैलाचें नाक त्यांत बुडतें, उभ्या पुजाऱ्याचें नाहीं. चमत्काराची फोड झाल्यानें आमचें कुतूहल कमी न होतां उलट वाढलें.

स्मशानांत बाराशेंहून अधिक थडगीं आहेत. त्यांपैकीं फ्लाव्हियस झ्यूक्सिस नामक व्यापाऱ्याच्या थडग्यावर त्यानें मालेआ भूशिराला वळसा घालून ७२ वेळां इटलीची सफर केली, एवढेंच अभिमानानें कोरलें आहे. दासाचा तत्त्वज्ञ झालेला एपिक्टेटस याच नगरांत जन्मला. १३५४ च्या भूकंपानंतर येथील वस्ती उठली.

जुन्या खांबांचे तुकडे तळाशीं पडलेल्या स्नानकुंडाचें तिकीट निराळें पडतें. ज्यांस पोहावयाचें नाहीं त्यांनीं काठावर सांवलींत बसावें, आणि गाडीवाल्यास परतण्याची वेळ तासभर पुढची सांगावी.