नाव आय-७, साल २०११

शाळेत उर्दू आणि मराठी शिकवता शिकवता संगणकाचा तासही आमच्याच गळ्यात पडला, त्याला आता बरीच वर्षे झाली. तेव्हापासून मोहल्ल्यात कोणाला कॉम्प्युटर घ्यायचा असला की आधी आमच्याकडे विचारणा होते. मोबाइलबद्दल मात्र कोणी विचारत नाही. त्यातले मुलांना आमच्यापेक्षा जास्त कळते.

गेल्या महिन्यात मगरीबनंतर पिको-फॉलचे काम करणाऱ्या एक आपा मुलीला घेऊन आल्या. मुलगी आमचीच जुनी विद्यार्थिनी, आता बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला. भिशी लागली होती, हातात २२,००० रुपये होते. "सर, दुकानदार नवा कोरा आय-७ देतोय, मॉनिटरसकट १९,५०० ला. उद्या सकाळपर्यंतच भाव आहे म्हणाला. घेऊन टाकू का?"

मुलीने मोबाइलवर फोटो दाखवला. काचेचा डबा, आत निळे-लाल दिवे लुकलुकताहेत. बरोबर कोटेशनचा कागद: आय-७, ८ जीबी, ५१२ एसएसडी, १ वर्ष गॅरंटी. आय-७ च्या पुढे काहीच नाही. आम्ही म्हटले, "बेटा, दुकानात फोन लाव आणि प्रोसेसरचा पूर्ण नंबर विचार." दुकानदाराने आधी टाळाटाळ केली, मग सांगितले: आय-७ २६००.

हा प्रोसेसर इंटेलने २०११ मध्ये बाजारात आणला. तेव्हा ही मुलगी पहिलीतही गेली नव्हती.

इथे थोडे थांबून नंबर कसा वाचायचा ते सांगतो, कारण सगळी गंमत तिथेच आहे. आय-३, आय-५, आय-७ या त्या त्या सालच्या पायऱ्या. साल कळते ते पुढच्या आकड्यावरून. २६०० मधला पहिला २ म्हणजे दुसरी पिढी. ४५७० म्हणजे चौथी, ८५०० म्हणजे आठवी. पुढे आकडे पाच झाले, तिथे पहिले दोन धरायचे: १०१०० म्हणजे दहावी, १२१०० म्हणजे बारावी. आता तुलना पाहा. २०११ चा आय-७ २६०० आणि २०२२ चा आय-३ १२१००, दोघांनाही चार कोअर आणि आठ थ्रेड. पण बारावीचा हा आय-३ त्या दुसरीच्या आय-७ ला कितीतरी मागे टाकतो, तेही कमी वीज खाऊन. जुन्याचा आकडा ९५ वॅट, नव्याचा ६०.

"पण सर, डबा तर नवा आहे," मुलगी म्हणाली. डबा नवा आहे, खरे आहे. मदरबोर्डही नवा असू शकतो, कारण त्या जुन्या प्रोसेसरसाठीचे स्वस्त बोर्ड अजूनही बनवून विकले जातात. जुन्या मशिनांतून काढलेला प्रोसेसर, त्यावर नवा बोर्ड, नवा डबा, दिवे, आणि नाव 'नवा आय-७'. खोटे एकही नाही म्हणे. नुसते साल सांगायचे राहून गेले.

आपा गप्प झाल्या. त्यांना वाटले असावे, मास्तर उगाच बारीक पाहतात. म्हणून आम्ही आमचीच फजिती सांगितली. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन तासांसाठी घाईघाईत आम्ही एक सेट घेतला होता. आय-५ एवढेच विचारले होते. निघाला तिसऱ्या पिढीचा. दोन वर्षांत बोर्ड जळाला. त्या सॉकेटचा भरवशाचा बोर्ड मिळेना, जो मिळाला तोही वापरलेला, महिनाभर चालला. नवा बोर्ड घ्यावा तर त्यावर जुना प्रोसेसर बसत नाही, आणि रॅमही बसत नाही, कारण जुनी डीडीआर-३ आणि नव्याला डीडीआर-४. शेवटी डबा आणि कीबोर्ड सोडून सगळे बदलावे लागले. यालाच प्लॅटफॉर्म म्हणतात: प्रोसेसर, त्याचे सॉकेट, बोर्ड आणि रॅम हे एकमेकांना बांधलेले असतात. आपांना त्यांच्याच धंद्यातले उदाहरण दिले. बंद पडलेल्या मॉडेलचे शिलाई मशीन स्वस्त मिळते, पण त्याची बॉबिन केस तुटली की बाजारभर हिंडावे लागते. हे त्यांना लगेच पटले.

दुसरी अडचण विंडोजची. विंडोज १० चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला संपवला. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे चालते. त्याआधीच्या मशिनांत दुकानदार काही युक्ती करून ती घालून देतात आणि ती चालतेही, पण पुढचे अपडेट येतील याची हमी कंपनी देत नाही. ज्यावर बँकेचे व्यवहार आणि कॉलेजचे फॉर्म भरायचे, त्या मशिनावर असला जुगार कशाला?

याचा अर्थ जुने म्हणजे वाईट असा कोणी घेऊ नये. एएमडीचा एएम-४ हा प्लॅटफॉर्मही जुनाच, त्यावरचे पहिले रायझेन २०१७ चे. २०२२ मध्ये त्याच्या जागी एएम-५ आला, पण तो फक्त डीडीआर-५ रॅम घेतो आणि खर्च वाढवतो. एएम-४ चा रायझेन ५ ५६००जी २०२१ चा आहे, सहा कोअरचा, ग्राफिक्स आतच असलेला, आणि विंडोज ११ ला चालणारा. दोन-चार हजार जास्त असते तर आम्ही आपांना तोच सुचवला असता. आणि ज्यांच्या घरी चौथ्या पिढीचे मशीन आधीच आहे त्यांनी ते भंगारात देऊ नये. हार्ड डिस्क काढून एसएसडी घाला, रॅम ८ जीबी करा, लिनक्स मिंट फुकट मिळते ते टाका. टायपिंग आणि मुलांचा अभ्यास त्यावर चांगला होतो. फक्त आज पैसे देऊन ते विकत आणू नका.

जुम्याच्या दिवशी दुपारी आम्ही तिघे दुसऱ्या दुकानात गेलो. तिथे कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेली मशिने मिळतात. दिवे-बिवे नाहीत, काळे ठोकळे. एक आय-५ ६५०० होता, ९,५०० ला. दुसरा आय-५ ८५००, १४,००० ला. दोन्हींत ८ जीबी रॅम आणि २५६ ची एसएसडी. आपांची नजर साहजिकच पहिल्यावर. दुकानातला पोरगाही म्हणाला, "आत्ता हा घ्या, पुढे याच बोर्डावर आठव्या पिढीचा टाकून देऊ, सॉकेट सेम आहे." सॉकेटचे नाव सेम आहे, ११५१. पण आठव्या पिढीला इंटेलने वेगळे चिपसेट ठेवले, सहाव्याच्या बोर्डावर ती चालत नाही. आम्ही हे म्हटल्यावर पोरगा हसला आणि विषय बदलला.

४,५०० चा फरक आपांसाठी थोडा नाही. किती साड्यांचे पिको-फॉल होते ते त्यांनी तिथेच बोटांवर मोजले. आम्ही एवढेच म्हटले की ६५०० मध्ये चार कोअर, ८५०० मध्ये सहा, आणि विंडोज ११ अधिकृतपणे फक्त दुसऱ्यावर. मुलीला मोबाइल ॲप बनवायचा विषय आहे. त्याचे सॉफ्टवेअर एमुलेटरसकट चालवायचे तर १६ जीबी रॅम लागते. मग मुलीनेच सांगितले, "अम्मी, तीन वर्षे वापरायचाय." निर्णय तिथे झाला.

घेण्याआधी मशीन अर्धा तास चालू ठेवले. टास्क मॅनेजर उघडून प्रोसेसरचे नाव आणि रॅम डोळ्यांनी पाहिली. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकटचे सॉफ्टवेअर चालवून एसएसडीची तब्येत पाहिली. मागच्या सगळ्या यूएसबीत पेनड्राइव्ह घालून झाला. पंख्याचा आवाज ऐकला. अशा ऑफिसच्या मशिनांचा पॉवर सप्लाय बहुधा नेहमीच्या मापाचा नसतो, म्हणून तो बिघडला तर बदलून मिळेल का, हेही विचारून घेतले. सहा महिन्यांत मिळेल म्हणाले.

हिशेब असा झाला: मशीन १४,०००, आणखी ८ जीबी रॅम २,०००, वापरलेला मॉनिटर २,८००, कीबोर्ड-माउस ७००. एकूण १९,५००. नेमके त्या दिव्यांच्या डब्याएवढेच! भाव प्रत्येक गावात आणि दर महिन्याला बदलतात, रॅमचे तर फारच, तेव्हा हे आकडे घेऊन कोणी दुकानदाराशी भांडू नये. उरलेल्या २,५०० तून आपांनी जुन्या मशीनची मोटर दुरुस्त करून घ्यायची ठरवली.

बिल लिहिताना पोरग्याने 'आय-५ सेट, १ नग' एवढेच लिहिले. आम्ही काही बोलण्याआधीच मुलगी पुढे झाली. "भैया, पूर्ण नंबर लिहा. आठ पाच शून्य शून्य. आणि गॅरंटी कोणत्या तारखेपर्यंत, तेही."